नातीच्या डोक्यावर चेटकिणीची टोपी

शंका : मुलगा-सून जर्मनीत हार्झच्या डोंगराजवळ राहतात. मी तिथे असताना ३० एप्रिलला शाळेतून निरोप आला आणि सुनेने पाच वर्षांच्या नातीला चेटकीण सजवलं. काळी टोपी, नाकावर चामखीळ, हातात खराटा. ऐन दिवेलागणीला सगळे जाळ बघायला गेले. मी गप्प बसले, पण मनाला लागून राहिलंय. अडवायला हवं होतं का?

समाधान : अडवलं नाहीत ते बरं केलंत, ताई. त्या रात्रीला ‘वालपुर्गिसनाख्त’ म्हणतात. वालपुर्गा ही आठव्या शतकातली ख्रिस्ती साध्वी, १ मे तिच्या स्मरणाचा दिवस. जाळ पेटवून, गलका करून हिवाळा हाकलायची रीत मात्र तिच्याही आधीची मानतात. त्या रात्री ब्रोकेन शिखरावर चेटकिणी जमतात, ही तिथली लोककथा. आपल्याकडेही ढुंढा राक्षसीला पोरांनी आरडाओरडा करून पळवल्याची कथा होळीला सांगतातच की. शिमग्यात बोंब मारणारं पोर आपल्याला अशुभ वाटत नाही.

मला खुपतं ते वेगळंच. पंधराव्या ते अठराव्या शतकांत युरोपात चेटकाच्या आरोपावरून चाळीस-पन्नास हजार माणसं मारली गेली, त्यांत बहुतेक बायका. शेजारणीची गाय आटवली, गारा पाडल्या, असे आरोप. स्वित्झर्लंडच्या ग्लारुसमध्ये आना गोल्डी नावाच्या मोलकरणीवर धन्याच्या मुलीच्या दुधात मंत्राने टाचण्या घातल्याचा आळ आला. १७८२ मध्ये तिचा शिरच्छेद झाला. निर्दोष ठरायला २००८ उजाडलं. आणि हे फक्त तिकडचं नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात, मंत्राने जनावराचं दूध आटवल्याचा आळ कुणावर घेणं हा गुन्हा म्हणून लिहावा लागला आहे.

काही ठिकाणी त्या जाळात पेंढ्याची चेटकीण टाकतात. तुमच्या गावी टाकली का, ते तुम्ही लिहिलं नाहीत. टाकली असती तर नातीचा हात धरून मी मागे फिरले असते. आपल्या होलिकेपुढेही मी हल्ली अशीच घुटमळते.

टोपी खुशाल घालू द्या. घरी आल्यावर चामखीळ पुसता पुसता तिला सांगा, गोष्टीतली म्हातारी दुष्ट नव्हती, एकटी होती, म्हणून लोक तिला भ्यायले. मग दोघी मिळून देवापुढे दिवा लावा. उशीर झाला तरी चालेल.