घेणाऱ्याचे स्मरण

एकदा मदत करणारा माणूस पुढेही देत राहावा, यासाठी काय करावे? कार्यकर्त्यांच्या बैठकीत हा प्रश्न दरवर्षी निघतो. उत्तरेही ठरलेली असतात : वेळेवर फोन करा, व्हॉट्सॲपवर संदेश पाठवा, वाढदिवसाला शुभेच्छा द्या. या सूचना चुकीच्या नाहीत. पण मागच्या पौषात एका काकांनी मला जे विचारले, त्यानंतर हा प्रश्न केवळ निधीचा आहे असे मला वाटत नाही.

पौष पौर्णिमेला छत्तीसगडात छेरछेरा असतो. नवे धान घरात आलेले असते. मुले दारोदार फिरतात आणि प्रत्येक घर त्यांच्या झोळीत ओंजळभर धान घालते. आमच्या पद्मनाभपूरसारख्या वसाहतीत धानाऐवजी पुष्कळदा पैसे पडतात, इतकेच. त्याच दिवशी एका मंडळाच्या विद्यार्थी साहाय्य निधीचे पावती पुस्तक घेऊन मी या काकांकडे गेलो होतो. ते भिलाई पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले. अनेक वर्षे दरमहा शंभर रुपये देत. दोन वर्षांपूर्वी बंद झाले. मी म्हणालो, "काका, बऱ्याच दिवसांत तुमची पावती फाडली नाही." त्यांनी दारातल्या मुलांना पैसे दिले, मला बसवले आणि विचारले, "बाळा, माझ्या पैशांतून ज्यांची फी भरली, त्यांच्यापैकी एकाचे तरी पुढे काय झाले, सांगतोस?"

मला सांगता आले नाही.

परत येताना मनात आधी आला तो बचावच. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दान सांगितले आहे : परतफेडीची अपेक्षा न ठेवता, कर्तव्य म्हणून दिलेले. मग काकांचा प्रश्न ही अपेक्षाच नाही का? रात्री अध्याय पुन्हा उघडला आणि माझीच चूक लक्षात आली. तो उपदेश देणाऱ्यासाठी आहे. घेणाऱ्याने तो ढाल म्हणून वापरायचा नाही. देणाऱ्याने दिलेले विसरावे, ही त्याची साधना. घेणाऱ्याने घेतलेले स्मरावे, ही आपली. शिवाय तिथेच देश, काल आणि पात्र यांचा विचार करून द्यावे असेही सांगितले आहे. आपण काहीच कळवले नाही, तर पात्राचा विचार त्याने कशाच्या आधारे करावा? काका परतफेड मागत नव्हते. दान डोळसपणे करता यावे, एवढेच त्यांना हवे होते.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. ना-नफा संस्थांचे हिशेब शिकताना एक नियम पाठ केला होता : विशिष्ट कारणासाठी मिळालेली देणगी उत्पन्नात धरायची नाही, ताळेबंदात देण्यांच्या बाजूला दाखवायची. परीक्षेत हे बरोबर लिहिले होते. अर्थ आता कळला. पैसा आपल्या हाती आला म्हणून आपला होत नाही. ज्या कामासाठी दिला, ते काम होईपर्यंत आपण कर्जदार असतो. पावती दिल्याने ते कर्ज फिटत नाही, उलट तिथून सुरू होते.

महाराष्ट्राला हे नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि 1924 मध्ये ती साताऱ्याला नेली. तिथल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. घरोघरी बायका मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत, तेही याच कामी येई. ती मूठ टिकली याचे कारण मला असे दिसते की धान्य कुठे जाते हे गावाला दिसत होते. मुले स्वतः राबून शिकत होती आणि चालकांनी आधी स्वतःचे घर रिकामे केले होते. अशा ठिकाणी देणाऱ्याला धरून ठेवावे लागत नाही.

आणि धरून ठेवूही नये. निवृत्तिवेतनात भागत नसेल, घरात आजारपण असेल, किंवा दुसरे कार्य अधिक जवळचे वाटले असेल. थांबण्याचे स्वातंत्र्य नसेल तर ते दान कसले, ती वर्गणीची वसुली झाली. थांबलेल्या माणसाला आपला पहिला प्रश्न 'का थांबलात?' हा नसावा. 'कसे आहात?' हा असावा.

त्यानंतर आम्ही जुनी वही काढून एकेका मुलाचा शोध घेतला. काही शिकत होते, एक जण कामाला लागला होता, दोघांनी शाळा सोडली होती. काहींचा पत्ताच लागला नाही. मी काकांना हे सगळे सांगून आलो, शाळा सोडलेल्या दोघांसकट. ते त्या दोघांविषयीच अधिक वेळ विचारत राहिले. निघताना पैशांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. पावती पुस्तक नेलेच नव्हते.

बंधू-भगिनींनो, आपल्या प्रत्येकाच्या वहीत असे एखादे नाव असेल. या आठवड्यात त्या घरी जाऊन यावे. मागायला नव्हे, सांगायला.