सांगायचे की झाकायचे?



मुलीच्या हातापायांवर निळेजांभळे डाग दिसले की शेजारी दोनच तर्क करतात: पडली असेल, नाहीतर घरात कोणी मारले असेल. प्लेटलेट्स फार कमी झाल्या तर असे डाग आपोआपही उठतात. निरोगी माणसाच्या रक्तात मायक्रोलिटरमागे दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात. ‘आयटीपी’ या आजारात शरीराची संरक्षण यंत्रणाच त्यांना परके समजून नष्ट करते. अमेरिकेतील डॉ. विल्यम हॅरिंग्टन यांनी अशा रुग्णाचे रक्त स्वतः टोचून घेतले; काही तासांतच त्यांच्याही प्लेटलेट्स कोसळल्या. १९५१ साली हे प्रसिद्ध झाले. तेव्हा कोणाचे पाप शोधायचे कारण नाही. जन्मांधाविषयीचा तो प्रश्न प्रभूने केव्हाच निकालात काढला आहे.

मग सातारा-सांगलीकडे स्थळ पाहताना हे झाकावेसे का वाटते? मिरजेला गुपचूप तपासणी, गोळ्या कपाटात मागे. (मुलाचा आजार असला तर एवढी धास्ती नसते.) भीती खोटी नाही, ठरलेले मोडूही शकते. तरी माझे मत सांगावे असेच आहे. चर्चच्या १९८३ च्या कायदासंहितेचे १०९८वे कलम संमतीसाठी केलेली फसवणूक हलकी मानत नाही. हा आजार त्या कलमात बसतो असे मी म्हणत नाही. पुष्कळांचा संसार नीट होतो, डॉक्टरांच्या देखरेखीखाली बाळंतपणही होते. पण नवऱ्याला ते बाळंतपणाच्या खोलीबाहेर प्रथम कळावे काय?

मात्र सांगायचे ते तिने, आणि त्या मुलाला. गल्लीला तिचे रिपोर्ट वाचायचा हक्क नाही.