मागणे, भूक आणि मात्रा: पाळीव मांजराच्या अन्नाचा धर्मविचार

प्राण्यांना अन्न देणे हे भारतीय धर्मपरंपरांत पुण्यकर्म मानले गेले असले, तरी ते किती द्यावे या प्रश्नाचा विचार त्या परंपरांना फारसा करावा लागलेला नाही. गृहस्थाने रोज करावयाच्या पंचमहायज्ञांपैकी भूतयज्ञ, म्हणजे मनुष्येतर जीवांसाठी अन्नाचा काही भाग काढून ठेवण्याचा विधी, मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात येतो, आणि तेथे कुत्रे, कावळे व किडे यांच्यासाठी अन्न जमिनीवर ठेवण्यास सांगितले आहे. गोग्रास आणि काकबली या रूपांत तो महाराष्ट्रातील अनेक घरांत अजून टिकून आहे. या विधींचे एक गृहीत असे की अन्न खाणारा जीव दात्याच्या ताब्यात नसतो. कावळा घास उचलून उडून जातो, गाय पुढच्या दारी जाते, आणि त्यांचे उरलेले पोट कोठे भरते याची काळजी दात्याला करावी लागत नाही. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानासाठी देश, काल आणि पात्र या तीन कसोट्या सांगितल्या आहेत. त्यांत मात्रेचा, म्हणजे प्रमाणाचा, उल्लेख नाही, आणि दान म्हणजे क्वचित घडणारे, स्वतंत्र जीवाला दिलेले देणे असेल तर तो नसणे स्वाभाविकही आहे. सदनिकेच्या बंद दाराआड राहणारे, भरल्या वाटीवरून उठून तासाभरात पुन्हा ओरडू लागणारे मांजर मात्र या चौकटीत बसत नाही.

इस्लामी परंपरेतील एक हदीस, म्हणजे प्रेषित महंमदांच्या वचनांचा वा आचरणाचा परंपरेने जपलेला वृत्तान्त, या बाबतीत अधिक नेमका आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही प्रमाणभूत संग्रहांत आलेल्या या वृत्तान्तात एका स्त्रीला मांजर कोंडून उपाशी मारल्याबद्दल नरकवास मिळाल्याचे सांगितले असून तिच्यावरचा ठपका दुहेरी आहे: तिने मांजराला खाऊ घातले नाही, आणि जमिनीवरचे जीवजंतू त्याने स्वतः शोधून खावेत म्हणून त्याला मोकळेही सोडले नाही. याचा अर्थ असा की तिने त्याला मोकळे ठेवले असते तर खाऊ न घालण्याला हे स्वरूप आले नसते. पोषणाचे कर्तव्य येथे दयेतून नव्हे, तर कोंडण्याच्या कृतीतून निर्माण होते, आणि म्हणूनच ते दानाहून कठोर आहे, कारण दान न करण्याची मुभा असते, कोंडलेल्याला न पोसण्याची नसते.

जैन आचारशास्त्र जवळपास याच ठिकाणी दुसऱ्या वाटेने पोहोचते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे, म्हणजे गृहस्थाने मर्यादित स्वरूपात पाळायच्या अहिंसेचे, पाच अतिचार अर्थात व्रताला डाग लावणारे दोष दिले आहेत. बांधणे, मारणे, अवयव छेदणे आणि अतिभार लादणे यांच्यानंतर पाचवा दोष अन्नपाननिरोध, म्हणजे आश्रित जीवाचे अन्नपाणी रोखणे हा होय. बाराव्या शतकात हेमचंद्रांनी योगशास्त्रात मांजर, कुत्रा, पोपट यांसारखे प्राणी उपजीविकेसाठी पोसण्याचाच निषेध केला, कारण हिंस्र जीव पाळणाऱ्याकडे त्याच्या हिंसेचा वाटा येतो. तथापि आश्रयाला आलेल्या जीवाचे अन्न तोडण्याची परवानगी यातून निघत नाही. टीकाकारांनी रोगाच्या उपचारासाठी अन्न थांबवणे तेवढे या दोषातून वगळले आहे. मग मांजर ओरडत असताना वाटी न भरणे हा अन्नपाननिरोध ठरतो काय? हे सर्वस्वी ते मांजर खरोखर भुकेले आहे की नाही यावर अवलंबून आहे, आणि तो प्रश्न आधी ज्ञानाचा, मग आचाराचा.

न्यायदर्शनाच्या परिभाषेत घरोघरचा युक्तिवाद असा मांडता येतो: हे मांजर भुकेले आहे, कारण ते ओरडत आहे. येथे ओरडणे हा हेतू, म्हणजे ज्यावरून निष्कर्ष काढायचा ते चिन्ह, आणि भूक हे साध्य. हेतू ग्राह्य ठरायला व्याप्ती लागते, म्हणजे जेथे हेतू तेथे साध्य असलेच पाहिजे असा अटळ संबंध, जसा धूर आणि अग्नी यांचा. ओरडणे आणि भूक यांच्यात तो नाही. मांजर दार उघडावे म्हणून ओरडते, सोबतीसाठी ओरडते, कंटाळ्याने ओरडते, आणि ठरावीक वेळी कोणी स्वयंपाकघरात गेले तर केवळ सवयीने ओरडते. साध्य नसतानाही आढळणाऱ्या अशा हेतूला न्यायसूत्रे सव्यभिचार म्हणतात आणि पाच हेत्वाभासांत, म्हणजे हेतूसारख्या दिसणाऱ्या पण हेतू नसलेल्या कारणांत, त्याची गणना सर्वप्रथम करतात. २००९ साली ससेक्स विद्यापीठातील कॅरेन मॅकोम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवले की काही मांजरांच्या अन्न मागतानाच्या घुरघुरीत एक उंच स्वर मिसळलेला असतो, ज्याचे तान्ह्या मुलाच्या रडण्याशी साम्य आहे, आणि ऐकणाऱ्या माणसांना ती घुरघुर अधिक निकडीची वाटते. चिन्ह जितके हृदयाला भिडणारे तितके ते प्रमाण म्हणून विश्वसनीय, असे मानण्याची चूक म्हणूनच येथे विशेष सोपी आहे.

यावरून मांजर फसवते असा निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे होईल, जरी परंपरेने तो आनंदाने काढला आहे. महाभारताच्या उद्योगपर्वात गंगातीरी तप करण्याचे सोंग घेऊन उंदीर खाणारा बोका येतो, आणि मनुस्मृतीत दांभिकाला बैडालव्रतिक, म्हणजे मांजरासारखे व्रत करणारा, असे नाव आहे. वस्तुतः उंदरावर जगणारा हा प्राणी दिवसरात्रीत दहा ते वीस वेळा थोडे थोडे खाणारा आहे, कारण एका उंदरातून सुमारे तीस किलोकॅलरी एवढीच ऊर्जा मिळते. त्याने वारंवार मागणे हा हावरेपणा नसून देहाची जुनी लय आहे. दिवसाचे ठरलेले अन्न दोनऐवजी पाच-सहा वेळांत वाटून दिल्यास पुष्कळसे मागणे शमते.

विश्वसनीय हेतू कंठात नव्हे, देहात शोधावा लागतो. पशुवैद्य बरगड्या हाताला सहज लागतात काय, वरून पाहता कंबर दिसते काय, हे पाहून नऊ श्रेणींच्या मापावर प्राण्याची स्थिती ठरवतात, आणि त्यातील पाचवी श्रेणी योग्य मानली जाते. भरपूर खाऊनही वजन घटत असेल तर भूक खरी असते आणि तिचे कारण थायरॉईडचा अतिस्राव, मधुमेह किंवा जंत यांत असू शकते. आयुर्वेदाने वर्णिलेला भस्मक, म्हणजे अतितीव्र जठराग्नीमुळे कितीही खाल्ले तरी तृप्ती न होण्याचा विकार, अशाच अवस्थेकडे बोट दाखवतो. अशा मांजराला शिस्तीच्या नावाखाली मोजून घालणे हा उघड अन्नपाननिरोध होय.

निरोगी मांजराच्या बाबतीत चरकसंहितेचा दंडक उपयोगी पडतो: आहाराची मात्रा अग्नीच्या, म्हणजे पचनशक्तीच्या, बळावर ठरते. चार किलो वजनाच्या, निर्बीजीकरण झालेल्या, घरातच राहणाऱ्या प्रौढ मांजराला दिवसाला साधारण दोनशे किलोकॅलरी पुरतात, म्हणजे कोरडे दाणेदार खाद्य पन्नास-पंचावन्न ग्रॅम. निर्बीजीकरणानंतर ऊर्जेची गरज कमी होते आणि भूक मात्र वाढते, ही यातील सर्वांत विचारार्ह गोष्ट आहे. ज्या जीवात एरवी भूक आणि गरज बरोबरीने चालतात, त्यात ही फारकत माणसाने, बहुधा योग्य कारणांसाठीच, घडवून आणलेली असते. शिकार, भटकंती आणि प्रजनन काढून घेतल्यावर मांजराकडे वाटी एवढाच उद्योग उरतो. हठयोगाने सांगितलेला मिताहार, म्हणजे पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवून जेवणे, हे खाणाऱ्याने स्वतः घेतलेले व्रत आहे, आणि मांजर व्रत घेऊ शकत नाही. त्यामुळे संयमाचा भार देणाऱ्यावर येतो, आणि त्याने आवरायची असते ती देण्याची हौस. पायाशी घोटाळणारे, वाटी भरताच घुरघुरणारे मांजर दात्याला ताबडतोब फळ देते, आणि फळाच्या अपेक्षेने केलेल्या दानाला गीतेने राजस म्हटले आहे.

भक्तिमार्गाने या हौसेला मोठा आधार दिला आहे हेही मान्य करावे लागेल. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव मराठी मनात घर करून आहेत. परंतु देव भावाचा भुकेला असतो, त्याच्यापुढचा नैवेद्य कितीही मोठा असला तरी त्याच्या देहावर चरबी चढत नाही आणि ते अन्न प्रसाद होऊन परत येते. मांजर भावाचे भुकेले नसते, आणि दात्याचा भाव त्याच्या सांध्यांना व यकृताला वाहावा लागतो. उलट टोकही तितकेच घातक आहे: लठ्ठ मांजराला काही दिवस उपाशी ठेवल्यास शरीरातील चरबी यकृतात साठून ते दगावू शकते, म्हणून वजन आठवड्याला एक-दोन टक्क्यांहून वेगाने उतरवू नये असे पशुवैद्यक सांगते. माणसाची एकादशी मांजरावर लादता येत नाही. दूध-पोळीवर त्याला कायम ठेवणेही बरे नव्हे, कारण मांस हाच त्याचा अपरिहार्य आहार असून त्यातील टॉरिन नावाचे द्रव्य न मिळाल्यास त्याचे डोळे आणि हृदय बिघडतात.

यातून शाकाहारी गृहस्थापुढे जो पेच उभा राहतो, त्याचा मात्रेशी थेट संबंध आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात प्राण्याच्या वधाचे वाटेकरी मोजताना अनुमती देणारा, कापणारा, मारणारा, विकत घेणारा व विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा अशी सर्वांची नावे घेतली आहेत. मांजराच्या वाटीत पडणाऱ्या मासळीला हा हिशेब लावला, तर खाणाऱ्याचे नाव गळते, कारण ज्याला दुसरा आहारच नाही आणि विधिनिषेधही लागू नाहीत त्याला दोष लागत नाही. अनुमती, खरेदी, शिजवणे आणि वाढणे ही चारही कामे बहुधा एकाच माणसाकडे असतात. गरजेपुरत्या मासळीच्या बाबतीत तो कोंडलेल्या जीवाच्या पोषणाचे कर्तव्य पुढे करू शकतो, आणि ते समर्थन बळकट आहे. मात्रेबाहेरची मासळी केवळ त्याच्या स्वतःच्या समाधानासाठी मारली गेलेली असते.