न्यायाचा बाप, न्यायाचा लेक

दक्षिण इटलीतल्या एखाद्या वाटेवर कुणी सोटा उगारून एका शेतकऱ्याच्या अंगावर धावून येतो. शेतकऱ्याच्या हातात शस्त्र नाही, पाठीशी भाऊबंद नाहीत. तो हल्लेखोराला सम्राटाची आण घालतो. त्यानंतरही सोटा पडलाच, तर मार शेतकऱ्याला बसतो, पण अवज्ञा सम्राटाची ठरते आणि मारणाऱ्याला राजाच्या न्यायाधीशापुढे जाब द्यावा लागतो. सम्राट दुसरा फ्रेडरिक याने १२३१ मध्ये मेल्फी इथे आपल्या सिसिलीच्या राज्यासाठी कायद्याची संहिता जाहीर केली, तिच्यातली ही तरतूद आहे. तिच्यामागचा विचारही संहितेतच मांडलेला आहे : सम्राट देहाने सगळीकडे असू शकत नाही, पण त्याची सत्ता सगळीकडे पोचली पाहिजे.

मला या तरतुदीचं फार मोल वाटतं. आण घालणं आपल्याकडेही जुनंच. पण इथे त्या शब्दामागे न्यायाधीश आणि शिक्षा उभी राहिली. ज्याला कुणी नाही त्याला कायदा आहे, ही कल्पना इथे प्रत्यक्ष वाटेवर उतरलेली दिसते.

ती एकट्या फ्रेडरिकच्या डोक्यातून निघाली नाही. त्याच्या आईचे वडील, नॉर्मन राजा दुसरा रॉजर, यांनी शतकभर आधीच सिसिलीत लिखित कायद्याची घडी बसवायला घेतली होती. बोलोन्यात जस्टिनियनच्या रोमन कायद्याचा अभ्यास नव्याने रुजला होता. फ्रेडरिकने १२२४ मध्ये नेपल्सला विद्यापीठ काढलं ते मुख्यतः कायदा शिकलेली माणसं घरच्या घरी मिळावीत म्हणून.

त्या काळी खरंखोटं ठरवायला दिव्य करायला लावत. आपल्या जुन्या निवाड्यांतही रवादिव्य आहे, त्यामुळे मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. तापलेलं लोखंड हातात धरायचं, नाहीतर गार पाण्यात उतरायचं. १२१५ च्या लॅटरन धर्मसभेने पाद्र्यांना अशा दिव्यात भाग घ्यायला मनाई केली होती. फ्रेडरिकच्या संहितेने त्यापुढे जाऊन दिव्यच रद्द केलं, आणि त्याची कारणं निसर्गातून दिली. लालबुंद लोखंड कारणाशिवाय गार होत नाही, आणि मन अपराधी आहे म्हणून पाणी कुणाला तरंगत ठेवत नाही. निवाडा साक्षीपुराव्यावर व्हायला हवा. द्वंद्वयुद्धाने निकाल लावायची रीतही तिने मोजक्याच गुन्ह्यांपुरती ठेवली.

याच संहितेत राजाला न्यायाचा बाप आणि न्यायाचा लेक म्हटलं आहे. बाप, कारण कायदा तो करतो. लेक, कारण केलेला कायदा त्यालाही पाळायचा आहे. मला यातला दुसरा शब्द जास्त मोठा वाटतो. पण लेक वागला नाही तर त्याचा कान कोण धरणार, याचं उत्तर संहितेत नाही. इंग्लंडमध्ये १२१५ साली सरदारांनी राजा जॉनकडून मॅग्ना कार्टावर मोहोर घेतली होती. तसं सिसिलीत काही घडलं नाही. पाखंड्यांना जिवंत जाळण्याचा कायदाही याच संहितेत आहे. आणि जो पिएर देल्ला विन्या सम्राटाच्या दरबारातला थोर कायदेपंडित होता, त्याच्यावर १२४९ मध्ये विश्वासघाताचा आळ आला आणि त्याचे डोळे काढले गेले. पुढे दान्तेने आपल्या काव्यात त्याला नरकात ठेवलं खरं, पण निष्ठा मोडली नाही हे त्याच्याच तोंडून वदवलं. माझा कौल दान्तेच्या बाजूने आहे.

पुढच्या शतकांनी या राजवटीतला बापच जास्त पाहिला. याकोब बुर्कहार्टने १८६० मध्ये फ्रेडरिकला सिंहासनावरचा पहिला आधुनिक माणूस ठरवलं. १९२७ मध्ये एर्न्स्ट कांटोरोविच या जर्मन ज्यू इतिहासकाराने त्याचं चरित्र लिहिलं. ते इतकं भारावलेलं होतं की नाझी वर्तुळातही ते आवडीने वाचलं गेलं. त्याच नाझींमुळे कांटोरोविचला १९३८ मध्ये देश सोडावा लागला. पुढे अमेरिकेत ‘राजाचे दोन देह’ या अर्थाच्या नावाचा ग्रंथ त्याने लिहिला, आणि त्यात तो पुन्हा फ्रेडरिककडे वळला. या वेळी त्याने बाप आणि लेक या जोडीवरच बोट ठेवलं : कायद्याच्या वर असलेला राजा कायद्याच्या खाली कसा असू शकतो, हे तो खोलात जाऊन तपासतो. चरित्रातली दिपून गेलेली नजर इथे उरलेली नाही.

हा ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी, १९५० मध्ये, कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्राध्यापकांवर लादलेली राजनिष्ठेची शपथ घ्यायला कांटोरोविचने नकार दिला होता, आणि त्यापायी त्याची तिथली नोकरी गेली होती.