आखाजीला आलेल्या लेकी

खानदेशातली कितीतरी कुटुंबं दोन गावांत राहतात. एक घर धरणगाव, अमळनेर, पारोळ्याकडे; दुसरं सुरतेत, उधना, लिंबायत नाहीतर डिंडोलीला. माणसं लूमवर जातात, बायका घरी बसून साड्यांचे धागे कापतात, टिकल्या चिकटवतात. आरोग्याच्या कामात या बायका मला कायम यादीबाहेर दिसल्या. इकडे विचारलं तर "ती सुरतले ऱ्हास". तिकडे विचारलं तर "ते गावाकडचे". तीस ते पासष्ट वयाच्या प्रत्येक स्त्रीची गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तपासणी दर पाच वर्षांनी व्हावी, असं सरकारी धोरण 2016 पासून आहे. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांत ही तपासणी एकदा तरी झालेल्या शंभरात दोनही निघाल्या नाहीत.

का, असं विचारलं की बैठकांमध्ये उत्तर तयार असतं: अज्ञान. मला ते कधीच पटलेलं नाही. "माले काही व्हत नही, मंग कसाले तपासानं?" असं म्हणणाऱ्या बाईने आयुष्यभर दवाखाना पाहिलेला असतो तो अगदी उठवेनासं झाल्यावर. दुखत नसताना दवाखान्यात जायचं म्हणजे मजुरी बुडवायची, हा तिचा हिशोब चोख आहे. अंगावरून पांढरं जाणं तिला आजार वाटत नाही, कारण आईला, सासूला, शेजारणीला, सगळ्यांनाच ते होत आलं. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेला अभ्यास 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यात 92 टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. सगळ्यांनाच असलेलं दुखणं दुखणं म्हणून कुणाच्या डोळ्यांत भरणार?

"तपासायला गेलं की पिशवी काढतात," हेही खूपदा ऐकलं. ही भीती हवेतून आलेली नाही. 2019 मध्ये बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या 82,309 स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. कित्येकींना 'पुढे कॅन्सर होईल' म्हणूनच घाबरवलं होतं. ती बातमी खानदेशातल्या ऊसतोड्यांच्या तांड्यावरही पोचली. ज्या रोगाचं नाव घेऊन पिशव्या काढल्या गेल्या, त्याची साधी तपासणी मात्र त्या बायकांच्या वाट्याला आली नाही, याचा मला आजही संताप येतो.

तरी सगळ्यात जड अडथळा लाजेचा, आणि तो वाढवायला आमच्या क्षेत्राचा हातभार लागला आहे. गर्भाशयमुखाचा हा कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळे होतो. हॅराल्ड झुर हाउझेन यांना त्या शोधाबद्दल 2008 साली नोबेल मिळालं. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना हा विषाणू कधी ना कधी गाठतो, आणि बहुतेकांचं शरीर वर्षा-दोन वर्षांत त्याला घालवून देतं. राहिला तर कॅन्सर व्हायला दहा-पंधरा वर्षं सहज लागतात. पण भिंतीवरच्या तक्त्यात कारणांच्या यादीत 'अनेकांशी शरीरसंबंध' ठळक छापलेलं असतं. ते वाचून तपासणीला येणारी बाई चारचौघींत आपल्या चारित्र्याची साक्ष द्यायला आल्यासारखी होते. 1990 च्या दशकात लिओ चावेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात मेक्सिको, एल साल्वादोरहून आलेल्या स्त्रियांना या रोगाची कारणं विचारली, तेव्हा त्यांच्याही उत्तरांत वागणुकीचा दोष वारंवार आला. भाषा वेगळी, देश वेगळा. परमुलखात अब्रू सांभाळून राहणाऱ्या बाईची धास्ती तीच.

तपासणी खरं तर किती छोटी असते! पडदा, टेबल, दिवा, आतलं दिसण्यासाठी स्पेक्युलम. व्हिनेगरसारख्या सौम्य अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये भिजवलेला कापूस गर्भाशयाच्या मुखाला लावायचा आणि मिनिटभर थांबायचं. निरोगी जागा गुलाबी राहते. पेशी बदलल्या असतील तिथे पांढरा डाग उमटतो. त्या मिनिटात टेबलाची कड घट्ट धरून एकीने विचारलं होतं, "मना नवराले सांगशात का?" दुखतंय का, काही निघालं का, हे तिने विचारलंच नाही. मी म्हटलं, "नाही ताई, कुणालाच नाही." तेव्हा कुठे तिचे पाय सैल झाले.

ही पद्धत मुंबईतल्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या चमूने सुमारे दीड लाख स्त्रियांच्या अभ्यासात पारखली. या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 1999 पासून 1,31,746 ग्रामीण स्त्रियांवर अभ्यास झाला; बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाचे लोक त्यात होते. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. दोन्ही अभ्यासांत एका गटाची तपासणी केलेली नव्हती, आणि त्या गटातल्या बायका अधिक मेल्या म्हणूनच हा फरक मोजता आला. त्यावर पुढे नैतिक आक्षेपही घेतले गेले. जगाने वापरलेलं हे ज्ञान आपल्याच मराठी मुलखातल्या बायकांच्या जिवावर मिळालं आहे. ते धरणगावच्या बाईला मिळत नसेल, तर आपण देणेकरी आहोत.

म्हणून तपासणी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला व्हावी, असा माझा आग्रह आहे. शिबिरं बहुधा मार्चमध्ये, महिला दिनाच्या आसपास होतात. तेव्हा सुरतेच्या बायका सुरतेतच असतात. आखाजीला गावं माहेरवाशिणींनी भरतात. झोक्यांवर मुली, ओट्यावर त्यांच्या आया. माहेरी बाई मोकळं बोलते, सासूला विचारावं लागत नाही, चार मैत्रिणी मिळून येतात. एचपीव्ही चाचणीसाठीचा नमुना स्त्रीला स्वतःच, आडोशाला जाऊन घेता येतो. टेबल नको, दिवा नको. मात्र त्या चाचणीचा निकाल यायला वेळ लागतो, म्हणून उधन्याचा फोन नंबर त्याच दिवशी लिहून घ्यायला हवा. अ‍ॅसिडची तपासणी केली आणि डाग लहान, जाळण्याजोगा निघाला, तर थर्मल अ‍ॅब्लेशनचं हातात मावणारं यंत्र तो तिथल्या तिथे जाळतं. डाग मोठा किंवा संशयास्पद असेल त्या बाईला पुढे पाठवावं लागेल, आणि तिच्यासोबत कुणी तरी जावं लागेल. बाकीच्या जणी सण उरकून दुसऱ्या दिवशीच्या गाडीने सुरतेला परतल्या तरी चालेल.