काच फुटल्यावर हात कुठे असावेत

हे मनन गाडी उभी असताना करायचं आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, इंजिन बंद करून. चालकाच्या जागेवर बसा, दार लावून घ्या आणि दोन्ही हात मांडीवर ठेवा. तळवे वर असावेत की खाली, याला महत्त्व नाही. पुढचा काही वेळ आपल्याला काम नाही, एवढं हातांना कळू द्या.

उजव्या खिडकीच्या काचेकडे बघा. एरवी आपण तिच्यातून आरसा बघतो, रस्ता बघतो, शेजारून घुसणारा रिक्षावाला बघतो. काच बघायची वेळ येत नाही. खालच्या कोपऱ्यात एक फिकट छाप असेल. काच बनवणाऱ्या कंपनीचं नाव, बहुतेक गाड्यांवर आयएस २५५३ हा भारतीय मानकाचा आकडा, आणि काच टफन्ड आहे की लॅमिनेटेड याची नोंद. समोरच्या मोठ्या काचेवरही अशी छाप सापडेल. ती काच लॅमिनेटेड असते, म्हणजे दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. तिला दगड लागला तर तडे जातात, पण ती जागा सोडत नाही. बाजूची काच बहुधा टफन्ड. काही नव्या महागड्या गाड्यांत बाजूलाही लॅमिनेटेड काच येते, आणि मग अडचणीच्या वेळी काच फोडायचा तो छोटा हातोडा तिथे चालत नाही. तेवढ्यासाठी तरी ही छाप एकदा वाचून ठेवावी.

काचेला हात लावून बघायचा मोह होईल. राहू द्या. नुसती कल्पना करा की ही काच कारखान्यात आहे. सहाशे अंश सेल्सिअसच्या वर तापवलेली, नरम पडत आलेली. मग दोन्ही बाजूंनी गार हवेचे झोत सुटतात. बाहेरचे पृष्ठभाग क्षणात घट्ट होतात. आतला गाभा मागाहून निवतो आणि आकसू पाहतो, पण आधीच घट्ट झालेली बाहेरची अंगं त्याला आकसू देत नाहीत. तेव्हापासून पृष्ठभाग दाबाखाली आणि गाभा ताणाखाली, अशीच ही काच जगते. तिची ताकद, साध्या काचेच्या सुमारे चौपट, या ओढाताणीतूनच येते. तुम्ही दार आपटता, पावसाळ्यात खड्ड्यातून गाडी आदळता, आणि ती ओढाताण तोल सांभाळून असते. थोडा वेळ तिच्याकडे असंच बघा. बाहेरून ती किती स्वस्थ दिसते!

रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६५ साली ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात काचेच्या अशाच एका चमत्काराबद्दल लिहिलं. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकला की शेपटी असलेला एक घट्ट मणी तयार होतो. मण्याच्या डोक्यावर हातोडी मारली तरी तो सहसा फुटत नाही, पण शेपटीचं टोक मोडलं की पुरा मणी भुकटी होऊन उडतो. राजपुत्र रूपर्टने हे थेंब इंग्लंडच्या दरबारात आणले, म्हणून ते त्याच्या नावाने ओळखले जातात. तुमच्या खिडकीचं शास्त्र तेच आहे. तडा गाभ्यातल्या ताणापर्यंत पोचला, की एका कोपऱ्यापुरतं फुटणं तिला शक्य नसतं.

आता मनातल्या मनात ती फुटू द्या. कशाने, ते तुम्ही ठरवा. गवत कापणाऱ्या यंत्राखालून उडालेला खडा, डंपरच्या चाकातून सुटलेली खडी, पोरांचा सीझन बॉल, सीटवरच्या बॅगेवर डोळा असलेला चोर. कधी निमित्त दिसतही नाही. काठावर महिन्यांपूर्वी उडालेला टवका एखाद्या दुपारच्या उन्हात आपलं काम पुरं करतो.

आवाज होतो. टायर फुटला असंच आधी वाटतं. इथे थोडं थांबा, कारण मला या मननात सगळ्यात जास्त याच जागी रेंगाळावंसं वाटतं. टफन्ड काचेतला तडा सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर वेगाने धावतो. खिडकी पुरती मीटरभरही नसते, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला त्याला सेकंदाचा हजारावा भागही लागत नाही. हवेतला आवाज मात्र सेकंदाला साधारण ३४० मीटरच जातो. काच तुमच्या कानापासून अर्ध्या मीटरवर असेल, तर आवाज कानात शिरण्याआधीच तिचं फुटणं संपलेलं असतं. तुम्ही दचकता ते घडून गेलेल्या गोष्टीला. वाचवण्यासारखी काच आता उरलेली नाही, पकडण्यासारखं काही निसटत नाही. इथून पुढे जे नुकसान होईल, त्यातलं बरंचसं आपल्या हातून होणार आहे.

सीटवर, मांडीवर, पायाशी खडीसाखर सांडावी तसे तुकडे पसरलेले बघा. आणि आता हातांकडे लक्ष द्या. त्यांना काय करावंसं वाटतंय?

पहिली उबळ मांडी झटकायची. तुकडे बोथट दिसतात, आणि मोठे बहुतेक असतातही. म्हणूनच बाजूला ही काच वापरतात. पण त्यांच्यात बारीक धारदार कपच्या मिसळलेल्या असतात. उघड्या तळहाताने झटकलं की त्या तळव्यात शिरतात, आणि तोच तळवा पुढच्या क्षणी चेहऱ्याकडे जातो. दुसरी उबळ डोळे चोळायची. ही सगळ्यात घातक. डोळ्यात काही गेल्यासारखं वाटलं तर चोळायचं नाही. मान त्या बाजूला कलती करून नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला स्वच्छ पाण्याची धार सोडायची. प्यायच्या पाण्याची बाटली इथे कामाला येते. खुपणं थांबलं नाही, धूसर दिसू लागलं किंवा तुकडा रुतलेला दिसला, तर तो काढायचा प्रयत्न न करता, डोळा न दाबता थेट नेत्रतज्ज्ञाकडे. तिसरी उबळ विचित्र आहे: बोट पॉवर विंडोच्या बटणाकडे जातं. नसलेली काच वर-खाली करून काय बघायचं असतं कोण जाणे! पण दाराच्या पोटात पडलेले तुकडे त्या हालचालीने खाचेत अडकतात आणि काच उचलणारी यंत्रणा बिघडते, म्हणजे काचेच्या खर्चात तिचाही खर्च. चौथी उबळ दार धाडकन उघडून बाहेर पडायची. चौकटीत लटकलेले तुकडे त्या हिसक्याने अंगावर येतात, आणि रस्त्याच्या बाजूचं दार असेल तर मागून येणारी मोटारसायकलही.

या चारही उबळी येऊ द्या. हात मांडीवरच.

आता नजर फिरवा. मागच्या सीटवर कोण आहे? एखादं मूल, एखादी आजी. त्यांना हाक मारा, आणि आवाज शक्य तितका रोजचा ठेवा. ‘हलू नकोस, डोळे चोळू नकोस, मी येतोय.’ मुलाला फुटलेल्या बाजूच्या उलट दाराने, अलगद सरळ वर उचलून बाहेर काढायचं. मग कॉलर, केस, खिसे, बूट असं वरून खाली बघत यायचं. जखम वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरायचं. मोठा तुकडा रुतला असेल तर तो न उपसता आजूबाजूने दाब द्यायचा. मुलाच्या सीटमध्ये पट्ट्यांच्या खाचा आणि बकल हे काच लपण्याचे हमखास कोपरे. ती नीट साफ होईपर्यंत मुलाला त्यात बसवू नये.

हेच चालत्या गाडीत घडलं तर? मननापुरती मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरची कल्पना करा, डावीकडे कंटेनर आणि वेग शंभरच्या आसपास. इथे हातांना एकच काम: स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं. वारा एकदम आत घुसतो, कागद उडतात, कोणीतरी ओरडतं. पाय ब्रेकवर आदळू नये, ॲक्सिलरेटरवरून नुसता उचलला जावा. चारी दिवे लुकलुकते करा, आरसे बघत डावीकडे या आणि कडेच्या पट्टीवर थांबा. बोगद्यात असाल तर शक्यतो बाहेर पडून मगच. उतरायचं ते डाव्या दाराने, आणि उभं राहायचं कठड्यापलीकडे. कोणाला लागलं असेल तर ११२. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांकही आहे.

आणि गाडी उभी करून तुम्ही जेवायला गेला होतात, परत आलात तर खिडकीच्या जागी भोक? तेव्हा हात बॅग शोधायला त्या भोकातून आत जातो. जाऊ देऊ नका. आधी चार पावलं मागे या, आसपास कोणी घुटमळतंय का बघा. जागा निर्मनुष्य असेल तर उजेडात, माणसांत जाऊन फोन करा. हात आता पहिल्यांदा उचलायचा तो मोबाइलसाठी. नंबरप्लेटसह अख्खी गाडी, फुटलेली खिडकी, आतला पसारा, जमिनीवरचा चुरा, शेजारच्या दुकानाची पाटी. यातलं काहीही साफ करण्याआधी फोटो. समोर सीसीटीव्ही असेल तर दुकानदाराला लगेच सांगून ठेवा. जुनं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं. कार्डं गेली असतील तर बँकेला फोन पोलीस ठाण्यात जाण्याच्याही आधी. हद्दीचा प्रश्न काढून कोणी परत पाठवू लागलं तर हे माहीत असू द्या: १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्दीबाहेरच्या ठाण्यातही देता येते.

विम्याबाबत माझं मत जरा रूक्ष आहे: भावना बाजूला ठेवून वजाबाकी करा. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर काहीच मिळत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत काचेवर घसारा कापत नाहीत, ही चांगली गोष्ट. पण सक्तीची वजावट असतेच, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सहसा १००० रुपये, त्यावर २०००. शिवाय क्लेम घेतला की नो क्लेम बोनस जातो, आणि तो वर्षांनुसार २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत असतो. छोट्या गाडीच्या एका दाराच्या काचेसाठी हा व्यवहार पुष्कळदा तोट्याचा ठरतो. क्लेम घ्यायचा ठरला तर दुरुस्तीआधी कंपनीला कळवायलाच हवं. चोरीला गेलेला लॅपटॉप मात्र गाडीच्या पॉलिसीत येत नाही.

आता साफसफाई. इथे हातांना अखेर मोकळीक, पण जाड हातमोजे घालून. चौकटीत अडकलेले तुकडे आधी, आतून बाहेर, खाली जुनी चादर पसरून. मग सीट, शेवटी पायाशी. गॅरेजमधला पोरगा हवेची नळी घेऊन येईल, त्याला थांबवा. हवा मारली की चुरा एसीच्या जाळ्यांत आणि सीटच्या शिवणींत जाऊन बसतो. खेचणारं यंत्र हवं, फुंकणारं नको. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या घड्या बघा. बारीक कपच्या रुंद चिकटपट्टीने टिपता येतात. आणि एसी पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा जाळ्यांसमोर चेहरा नको.

जूनचा पाऊस तोंडावर असेल तर भोक झाकावं लागेल. चौकट आधी पुसून कोरडी करा, ओल्या पत्र्यावर काहीच चिकटत नाही. पारदर्शक प्लास्टिक बाहेरून पसरून त्याच्या कडा चौकटीवरून आत घ्या आणि दार लावा, म्हणजे पाणी बाहेरच ओघळतं. चिकटपट्टी सरळ रंगावर लावू नका. खाली रंगाऱ्याची मास्किंग टेप असू द्या. एक गोष्ट मी ठामपणे सांगेन: पुढची खिडकी असेल तर चालवताना प्लास्टिक काढा आणि भिजा. प्लास्टिकमधून बाजूचा आरसा धड दिसत नाही.

गॅरेजमध्ये नुसती नवी काच बसवून घेऊन निघू नका. डोअर पॅड उघडून दाराच्या पोटातला चुरा तुमच्यासमोर काढायला सांगा. दाराच्या तळाला पाणी वाहून जायची भोकं असतात. ती काचेने बुजली तर पावसाचं पाणी आत साठतं आणि कोकणातल्या हवेत दार आतून गंजू लागतं. नवी काच दोन-तीनदा वर-खाली करून खळखळ ऐका. आवाज आला तर पॅड पुन्हा उघडायचं. ‘साहेब, फिल्म मारून देऊ?’ असा प्रश्न येईलच. काचेवर वेगळी काळी फिल्म लावायला सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली मनाई केली, आणि मोटार वाहन नियमांप्रमाणे बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के प्रकाश पलीकडे जायला हवा. फिल्म नको म्हणून सांगा.

उरला चादरीतला चुरा. तो रस्त्याच्या कडेला सारायचा नाही, तिथे कुत्री झोपतात आणि अनवाणी माणसं चालतात. ओल्या कचऱ्यात टाकायचा नाही, सुक्यात नुसता ओतायचाही नाही. पुण्यात तुमच्या दारातला कचरा ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेची एखादी ताई नेत असेल, आणि तो कचरा ती हातांनी निवडते. चुरा जाड कागदाच्या तीन-चार घड्यांत बांधा, वर ठळक अक्षरांत ‘काच’ लिहा, आणि सकाळी ती येईल तेव्हा पुडकं वेगळं हातात देऊन तोंडानेही सांगा: ताई, यात काच आहे, वेगळी ठेवा.