पोरांच्या पुस्तकावरची नजर

गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडावर महाशिवरात्रीची यात्रा भरते, तेव्हा एकाच चढावर झाडीबोली, गोंडी, छत्तीसगढी आणि हिंदी कानावर पडते. याच परिसरात नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, 1972 पासूनची. देश सुटला, पण या माणसांनी भाषा सुटू दिली नाही. धानाच्या मुलखात राहून ती मुलांना तिबेटी लिपी शिकवतात. तिकडे चीनमध्ये तिबेटी मुलांना मातृभाषेतून शिकू द्या, एवढंच मागणाऱ्या ताशी वांगचुक या दुकानदाराला 2016 मध्ये अटक झाली आणि पाच वर्षं तुरुंगात काढावी लागली.

मुलांच्या शिक्षणातली भाषा राज्यकर्त्यांना इतकी का खुपते, याचं उत्तर एका जुन्या रशियन कागदात सापडतं. 18 जुलै 1863 रोजी झारचा गृहमंत्री प्योत्र वालुयेव याने एक गुप्त परिपत्रक काढलं. युक्रेनी अशी वेगळी भाषाच नाही, ती पोलिशच्या संसर्गाने बिघडलेली रशियन आहे, या समजुतीवर ते उभं होतं. पण त्याने कथा-कवितांना हात लावला नाही. त्या छापायला मोकळीक ठेवली. अडवली ती धर्माची, शिक्षणाची आणि सामान्य माणसाला वाचायला शिकवणारी पुस्तकं. शिकलेल्या लोकांच्या दिवाणखान्यात युक्रेनी कविता रंगली तर त्याची हरकत नव्हती. शेतकऱ्याच्या पोराने त्या भाषेत अक्षरं गिरवायला नको होती. त्याच सुमारास फिलिप मोराचेव्स्की या शाळा तपासनिसाने शुभवर्तमानांचं युक्रेनी भाषांतर केलं होतं. विज्ञान अकादमीने ते वाखाणलं, तरी छापून यायला 1906 साल उजाडलं.

वालुयेवपेक्षा मला मिखाईल युझेफोविचचं जास्त वाईट वाटतं. कीव्हच्या शिक्षण विभागात मोठ्या पदावर राहिलेला हा माणूस पोल्टावाकडचा, म्हणजे त्याच मातीतला. युक्रेनी भाषेसाठी झटणाऱ्यांविरुद्ध तक्रारी त्याने केल्या आणि झारने नेमलेल्या समितीतही तो बसला. 1876 मध्ये दुसऱ्या अलेक्झांडरने जर्मनीतल्या एम्स इथे फर्मानावर सही केली. त्यानंतर नाटकं, व्याख्यानं, गाण्यांचे छापील बोल, बाहेरून येणारी पुस्तकं, सगळ्यांवरच बंदी आली. ज्या मुलखात आपण वाढलो तिथल्याच लोकांची भाषा दाबायला माणूस कसा तयार होतो? मोठ्या राज्याचा मोठा माणूस व्हायचं तर घरची भाषा लहान मानावी लागते, असं त्याला वाटलं असावं. ही समजूत अजून मेलेली नाही.

आपल्याकडे गोव्याचा व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने 27 जून 1684 रोजी असाच हुकूम काढला: तीन वर्षांत कोकणी सोडा, पोर्तुगीज बोला. पुढे त्याच पोर्तुगीज सरकारचा सचिव कुन्या रिवारा याने 1858 मध्ये कोकणीचा इतिहास सांगणारा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि लोकांना त्यांच्याच भाषेतून शिकवण्याची बाजू मांडली. सरकारी नोकरीत राहूनही माणसाला भाषेच्या बाजूने उभं राहता येतं, याचा हा पुरावा आहे.

प्रतापगडाच्या परिसरात आज कोणी असं फर्मान काढलेलं नाही. तरी 2011 च्या जनगणनेत जवळपास 30 लाख लोकांनी आपली मातृभाषा म्हणून नोंदवलेली गोंडी अजून राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीबाहेर आहे. तिच्याहून कमी लोकांच्या डोगरी आणि बोडो या भाषांना 2003 च्या घटनादुरुस्तीने जागा मिळाली, आणि ते योग्यच झालं. मग गोंडीने काय कमी केलं? झाडीबोलीचंही पाहा. धान निघालं की वडसा-देसाईगंजच्या कंपन्यांची नाटकं गावोगावी रात्रभर चालतात. त्यात या बोलीतला संवाद आला की टाळ्या पडतात. तेच वाक्य पहिलीतलं पोर वर्गात बोललं, तर त्याला “नीट बोल” असं ऐकावं लागतं. आपल्या गुरुजींना मी वालुयेवच्या रांगेत बसवत नाही, त्यांच्या मनात त्या पोराचं भलंच असतं. पण मंचावर चालणारी भाषा पाटीवर चालत नाही, ही वाटणी मात्र वालुयेवनेच केलेली आहे, आणि तिने पोराचं तोंड मिटतं.

म्हणून झाडीपट्टीतल्या गुरुजींना आणि बाईंना एवढंच सांगणं आहे. नव्या वर्षात पहिलीच्या वर्गात एखाद्या पोराचं उत्तर गोंडीत किंवा झाडीबोलीत आलं, तर ते उत्तर बरोबर आहे की चूक, तेवढंच आधी पाहा. प्रमाण मराठी शिकवायला पुढची दहा वर्षं आहेत.